दिवा हिरवा, काम बंद!

आमच्या ब्रँचमध्ये एक शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो – डिपेंडन्सी. आपलं सॉफ्टवेअर ज्या दुसऱ्यांच्या सेवांवर चालतं, त्या सगळ्या आपल्या डिपेंडन्सीज. या लेखासाठी मी त्याला मराठी शब्द शोधत होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारखीला असले शब्द चटकन सुचत नाहीत. डिक्शनरीत 'अवलंबित्व' सापडलं. व्हायवात हा शब्द उच्चारायचा म्हणजे एक्स्टर्नलच्या आधी आपलीच जीभ फेल होणार! शेवटी आजीला फोन केला. म्हटलं, "आजी, आपलं काम दुसऱ्या कुणावर अडून असलं तर तू काय म्हणतेस गं?" ती म्हणाली, "भिस्त म्हणते. सकाळच्या चहाची माझी सगळी भिस्त त्या दूधवाल्यावर, आणि मेला आठ वाजले तरी येत नाही!"

बास. शब्दही मिळाला आणि विषयही.

तसं बघितलं तर आपलं अख्खं हॉस्टेलच भिस्तीवर चालतं. गरम पाण्याची भिस्त गच्चीवरच्या सोलरवर आणि सोलरची सूर्यावर. पावसाळ्यात सूर्य रजेवर गेला की आपण बादली घेऊन गीझरच्या रांगेत. मेसची भिस्त गॅसच्या टाकीवर, दूधवाल्यावर, भाजीच्या टेम्पोवर. उन्हाळ्यात सगळ्यांची मिळून टँकरवर. सॉफ्टवेअरचंही अगदी हेच आहे. एखादं अ‍ॅप आपण 'बनवलं' म्हणतो, तेव्हा त्यातलं आपलं किती असतं? पैसे घ्यायला पेमेंटवाली कंपनी, ओटीपी पाठवायला एसएमएसवाली कंपनी, नकाशा तिसऱ्याचा, लॉगिन चौथ्याचं, आणि हे सगळं ज्या सर्व्हरवर चालतं तो पाचव्याचा, भाड्याने घेतलेला. आपला कोड म्हणजे मेसचे पोहे. कढई आपली, हात आपला. पोहे, कांदा, शेंगदाणे आणि गॅस बाहेरचा!

या बाहेरच्या मंडळींवर लक्ष ठेवायचं काम गेलं वर्षभर माझ्याकडे आहे. त्यात जे कळलं ते सांगावंसं वाटतं. कॉम्प्युटर नसलेल्या ब्रँचवाल्यांनी लगेच पान उलटू नये, कारण शेवटी हा विषय आपल्या सगळ्यांच्या गेटपाशी येऊन थांबतो.

आपल्या लेडीज हॉस्टेलचं आउटपासचं अ‍ॅप मुलींना माहीत आहेच. संध्याकाळनंतर बाहेर पडायचं असेल तर अ‍ॅपवर अर्ज करायचा. घरी आई किंवा वडिलांच्या मोबाइलवर ओटीपी जातो. ते आपल्याला फोनवर सांगतात, आपण टाकतो, आणि गेटवरच्या मावशींच्या टॅबवर हिरवी टिक येते. आपल्याच सीनियर्सनी बनवलेलं, छान चालणारं अ‍ॅप.

मागच्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या एका मुलीला घरून फोन आला. वडिलांना अचानक अ‍ॅडमिट केलं होतं. साडेनऊची एसटी मिळाली तर सकाळपर्यंत ती पोचणार होती. ती चुकली तर दुसऱ्या दिवशी दुपार. पावणेनऊला तिने अर्ज टाकला. आई दवाखान्याच्या व्हरांड्यात मोबाइल हातात धरून बसलेली. ओटीपी येईना. पुन्हा पाठवा, पुन्हा पाठवा... तीनदा झाल्यावर अ‍ॅपने सांगितलं, 'अर्ध्या तासाने प्रयत्न करा.' ही बॅग घेऊन गेटवर उभी, डोळ्यांत पाणी. मावशी म्हणाल्या, "बाळा, टिक आल्याशिवाय मी तरी कशी सोडू?" त्यांचंही बरोबर होतं.

आता गंमत बघा – गंमत कसली म्हणा – त्याच वेळी लॅबमधल्या स्क्रीनवर सगळे दिवे हिरवेगार होते! सर्व्हर चालू, डेटाबेस चालू, एसएमएस सेवा चालू. कागदोपत्री सगळं उत्तम.

शेवटी मावशींनीच रेक्टर मॅडमना फोन लावला. मॅडमनी थेट मुलीच्या आईशी बोलून खात्री केली. मावशींनी टेबलाच्या खणातून जुनं रजिस्टर काढलं, नाव, वेळ, सही. दोन मिनिटांचं काम. एका सीनियर ताईने स्कूटीवरून स्टँडवर सोडलं आणि गाडी मिळाली. तिचे वडील आता ठणठणीत आहेत, आणि हा प्रसंग तिला विचारूनच लिहिते आहे.

एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीचा मेल दुसऱ्या दिवशी दुपारी आला. एका मोबाइल कंपनीकडे जाणाऱ्या मार्गावर आदल्या संध्याकाळी विलंब झाला होता, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत वगैरे. म्हणजे बिघाड आमचा नव्हता. पण गेटवर रडत उभ्या असलेल्या मुलीला आमचा काय आणि त्यांचा काय! तिच्या दृष्टीने बंद पडलं ते 'अ‍ॅप'च. त्या आठवड्यात सरांनी टीम वाढवली. मी नवीन आले होते. मला म्हणाले, "तू दुसऱ्यांवर नजर ठेव." हॉस्टेलमध्ये हे काम आपण सगळेच फुकट करतो, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं!

पहिला प्रश्न हाच की दिवा हिरवा का होता? शोधल्यावर कळलं की आपला प्रोग्राम दर मिनिटाला त्या कंपनीच्या सर्व्हरला विचारायचा, "आहेस का?" तो म्हणायचा, "आहे." आणि तो खरंच होता! फक्त पुढचं काम होत नव्हतं. अर्ज आला की आपण मेसेज पाठवायचो, त्यावर तिकडून 'यशस्वी' असं उत्तर यायचं. पण या 'यशस्वी'चा अर्थ 'मेसेज आमच्या ताब्यात आला' एवढाच. पोस्टात रजिस्टर्ड पत्राची पावती मिळाली म्हणजे पत्र घरी पोचलं असं नव्हे, तसंच हे. आपल्या अ‍ॅपपासून आईच्या मोबाइलपर्यंत मध्ये बरीच घरं आहेत : एसएमएस कंपनी, मग मजकुराचा नमुना नोंदवलेला आहे का हे तपासणारी व्यवस्था, मग मोबाइल कंपनी, मग टॉवर. यातलं कुठलंही घर अडलं तरी आपल्याला पहिल्या घराचाच 'यशस्वी' दिसत राहतो.

हे मधलं घर अडलं की काय होतं, ते देशाने ८ मार्च २०२१ला पाहिलं होतं. नको असलेले मेसेज रोखण्यासाठी ट्रायने नियम केला होता की प्रत्येक कंपनीने आपलं नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवायचा. न जुळणारा मेसेज वाटेतच अडवला जाईल. त्या दिवशी ही तपासणी सुरू झाली आणि बँकांचे, आधारचे, लसीकरणाच्या नोंदणीचे ओटीपी लोकांना मिळेनात. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती तपासणी सात दिवसांसाठी थांबवावी लागली. त्या दिवशी किती बँकांचे दिवे हिरवे असतील कोण जाणे!

मग करायचं काय? उत्तर मला मेसच्या काकांकडे मिळालं. काका दूधवाल्याला "दूध चांगलं आहे ना?" असं विचारत नाहीत. कुठला दूधवाला नाही म्हणेल? ते पातेल्यात थोडं दूध काढून तापवून बघतात. फाटलं तर फाटलं, कळतं लगेच. आम्हीही तेच केलं. लॅबमध्ये एक जुना अँड्रॉइड फोन पडून होता. त्यात एक सिम घातलं. सकाळी सहा ते रात्री दहा, दर पंधरा मिनिटांनी आपलं अ‍ॅप या फोनवर खराखुरा ओटीपी पाठवतं आणि तो यायला किती सेकंद लागले ते फोन परत कळवतो. दिवसाचे चौसष्ट मेसेज. प्रत्येकाला पैसे पडतात, म्हणून क्लबच्या खजिनदाराने आधी नाक मुरडलं, पण गेटवरचा प्रसंग त्यालाही माहीत होता. खोटं गिऱ्हाईक बनून खरं काम करून बघायचं, हे या विद्येतलं पहिलं सूत्र.

पण एकच फोन म्हणजे एकच मोबाइल कंपनी. दुसऱ्या कंपनीचा रस्ता तुंबला तर त्याला पत्ता लागणार नाही. म्हणून दुसरी नजर खऱ्या वापरावर. गेल्या अर्ध्या तासात किती ओटीपी पाठवले आणि त्यातले किती पाच मिनिटांत अ‍ॅपमध्ये टाकले गेले? एरवी बहुतेक सगळे टाकले जातात. शुक्रवारी संध्याकाळी घरी जायची गर्दी असताना हा आकडा घसरला, तर समजावं की कुठेतरी आया-वडील मोबाइलकडे बघत बसलेत. यात खर्च शून्य. अडचण एवढीच की आडवारी अर्जच चार येतात, त्यावरून काही कळत नाही. म्हणून दोन्ही लागतात : गर्दीत खरी गिऱ्हाइकं, सामसूम असताना खोटं गिऱ्हाईक.

आणि सरासरीवर जाऊ नये, हेही शिकले. शंभरातल्या पंचाण्णव जणींना तीन सेकंदांत मेसेज मिळाला आणि पाच जणींना दहा मिनिटांनी, तरी सरासरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास येते. कागदावर किती छान! पण बस चुकते ती त्या पाच जणींची. म्हणून आम्ही सगळ्यात उशीर झालेले मेसेज वेगळे बघतो.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, मोठ्या कंपन्या आपलं काय चालू, काय बंद हे एका पानावर लावतातच की. लावतात ना! २८ फेब्रुवारी २०१७ला अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवणुकीच्या सेवेचं अमेरिकेतलं एक मोठं केंद्र जवळजवळ चार तास कोलमडलं. देखभाल करताना एका कमांडमध्ये चुकीचा आकडा गेला आणि ठरवलेल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले. असंख्य वेबसाइट्स अडकल्या. आणि कंपनीचं 'काय चालू, काय बंद' सांगणारं पान? ते बराच वेळ हिरवंच दाखवत राहिलं, कारण ते पान बदलण्याची यंत्रणासुद्धा त्याच एस-थ्रीच्या भिस्तीवर होती! म्हणजे आग लागल्याची घंटा वाजवायची वायर आगीतच जळाली.

यावरून दुसरं सूत्र : राखणदार त्याच घरात झोपवू नये. आमचा लॅबमधला फोन सुरुवातीला कॅम्पसच्या वायफायवर होता. सरांनी विचारलं, "वायफाय गेलं की तुला कोण सांगणार?" म्हणून तो आता स्वतःच्या सिमच्या इंटरनेटवर चालतो, आणि त्याचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम अ‍ॅपच्या सर्व्हरवर नाही, वेगळ्या ठिकाणी आहे. शिवाय फोनने दर तासाला "मी जिवंत आहे" असं कळवायचं. कळवलं नाही तर तीच धोक्याची घंटा. हॉस्टेलमध्ये आई रोज रात्री नऊला फोन करते. एखाद्या दिवशी आपण उचलला नाही की ती रूममेटला करते. आईला हे सूत्र कुठल्याही कोर्सशिवाय माहीत आहे.

राखणदाराला वेगळं घर दिलं तरी त्याच्या बोलण्याचा अर्थ नीट लावावाच लागतो. १८ नोव्हेंबर २०२५ला क्लाउडफ्लेअर कोलमडलं. जगातल्या असंख्य वेबसाइट्सच्या दारात उभी असणारी ही कंपनी. आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजत आले होते. एक्स आणि चॅटजीपीटी लोकांना उघडेनात. (असाइनमेंट्सचं काय झालं ते विचारू नका!) कारण होतं आतल्या एका फाइलचं. डेटाबेसच्या परवानग्या बदलल्यामुळे ती फाइल दुप्पट मोठी झाली आणि ती वाचणारे प्रोग्राम मान टाकू लागले. त्यांचं माहिती देणारं पान मुद्दाम बाहेर, दुसऱ्यांच्या जागेवर ठेवलेलं होतं. पण निव्वळ योगायोगाने तेही त्याच सुमारास बंद पडलं, आणि त्यांच्या काही जणांना आधी वाटलं की कुणीतरी हल्लाच केलाय. एवढ्या मोठ्यांची ही कथा.

तिसरी गोष्ट आपल्या घरची. नजर ठेवायची म्हणजे सारखं विचारत सुटायचं असं नाही. १२ एप्रिल २०२५ला यूपीआय देशभर अडखळलं. चहाच्या टपरीवर सुट्ट्या पैशांची शोधाशोध झाली ती आठवत असेल. त्यामागे एक कारण असं निघालं की काही बँकांच्या सिस्टिम्स "त्या व्यवहाराचं काय झालं? त्या व्यवहाराचं काय झालं?" हे प्रश्न, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा, भरमसाट विचारत होत्या. त्या प्रश्नांच्या लोंढ्याखाली उत्तर देणारा दबला. पुढे ऑगस्ट २०२५पासून एका अ‍ॅपवरून दिवसाला पन्नासदाच बॅलन्स बघता येईल अशी मर्यादा आली. आजारी माणसाला दर दोन मिनिटांनी "आता कसं वाटतंय?" विचारलं तर तो बरा कसा होणार? म्हणून आपलं अ‍ॅप आता 'पुन्हा पाठवा' लगेच ऐकत नाही. आधी तीस सेकंद, मग एक मिनिट, मग दोन, असं अंतर वाढवत जातं.

या सगळ्यात एक हिशेब मला फार आवडला. कंपन्या आपल्या सेवेबद्दल ९९.९ टक्क्यांची हमी देतात. एम-थ्रीत एवढे मिळाले तर आपण पेढे वाटू! पण ९९.९ म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात त्रेचाळीस मिनिटं बंद. आता आपलं अ‍ॅप अशा पाच सेवांवर उभं असेल आणि त्या वेगवेगळ्या वेळी बंद पडल्या, तर महिन्यात साडेतीन तासांहून जास्त. प्रत्येकाने आपला शब्द पाळला, तरीही! कुणीही खोटं बोललं नाही, आणि तरी महिन्यातले साडेतीन तास कुणीतरी गेटवर उभं. म्हणजे प्रश्न 'बंद पडेल का' हा नाहीच. पडणारच. प्रश्न असा की कळणार कधी, आणि कळल्यावर करायचं काय.

'कळणार कधी'चं उत्तर बऱ्यापैकी सुटलंय. लागोपाठ तीन चाचण्या फसल्या की मलाच नाही, गेटवरच्या टॅबवरही पिवळी पट्टी येते. एका चाचणीवर घंटा वाजवली तर रोजच वाजते, आणि रोज वाजणाऱ्या घंटेकडे कुणी बघत नाही. माझ्या रूममेटने पहिल्याच आठवड्यात माझा मोबाइल उशीखाली कोंबला होता.

'करायचं काय' याचं उत्तर मात्र कोडमध्ये नाही. गेल्या पावसाळ्यातल्या त्या रात्री अ‍ॅपने 'अर्ध्या तासाने प्रयत्न करा' एवढंच सांगितलं होतं. आता पिवळी पट्टी आली की टॅबवर लिहून येतं : 'एसएमएसला उशीर होत आहे. रेक्टरनी पालकांशी फोनवर बोलून परवानगी द्यावी व रजिस्टरमध्ये नोंद करावी.' सोबत पालकांचा नंबर. गेल्या वर्षभरात ही पट्टी सहा वेळा आली. सहाही वेळा मुली अ‍ॅपवर रुसल्या असतील, पण गेटवर कुणी अडकलं नाही.

आणि म्हणूनच हा लेख मुद्दाम लिहिला. या टर्मपासून 'पेपरलेस' करायचं म्हणून गेटवरचं रजिस्टर काढून टाकायचं घाटतंय असं ऐकते. अ‍ॅप आहे, टॅब आहे, आता तो जुना फाटका ग्रंथ कशाला? संबंधितांना माझी, त्याच अ‍ॅपच्या टीममधल्या मुलीची, हात जोडून विनंती आहे की तो ग्रंथ राहू द्या. आम्ही ज्या सेवांवर नजर ठेवतो त्यांच्या यादीत एसएमएस आहे, सर्व्हर आहे, इंटरनेट आहे. त्या यादीत सगळ्यात खाली, वर्षभरात एकदाही बंद न पडलेल्या दोन गोष्टी मी स्वतः लिहिल्या आहेत : रजिस्टर आणि मावशी. त्यांना ना नेटवर्क लागतं ना चार्जिंग. फार तर एक बॉलपेन आणि दोन वेळचा चहा.

भिस्त कुणावर ठेवायची हे ठरवता येतं. पण ठेवली की तिथे आपलीही एक नजर हवी, आणि ती तुटली तर हाताशी दुसरं काहीतरी हवं. आजीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यात काय शिकायचंय? मी म्हणूनच दुधाच्या पावडरीचा डबा ठेवते!"

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी